फेकलेल्या मापांची यादी

प्रिय ओविड,

आई आपल्याच पलंगावर आहे, कोळंबीचा गंबो मागतेय आणि मीठ कमी म्हणून तुझ्या बायकोला टोमणे मारतेय, हे फोनवर ऐकलं आणि मी हवामान ऑफिसच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले. चक्रीवादळ आलं ते नुसता पाऊस होऊन. बायूचं, घरामागच्या त्या संथ खाडीचं पाणी तुमच्या पायरीपर्यंत चढलं नि उतरलं. सुटलो रे बाबा.

मंगळवारी सकाळी तुझा फोन आला, अकरा वर्षांनी. कशी आहेस नाही, काही नाही, थेट "अँब्युलन्स दारात आहे, आईला हलवू की नको, एवढंच सांग." नव्वदीची आई, नाकाला ऑक्सिजन, ह्यूस्टनपर्यंत गाड्यांची रांग. अकरा वर्षांपूर्वी बाबा अशाच रांगेत, तापलेल्या गाडीत गेले, आणि ज्या वादळाच्या भीतीने मी तुम्हाला घराबाहेर काढलं ते किनाऱ्याला लागेपर्यंत मोडून पडलं होतं. हलवलं तर ती भीती, नाही हलवलं तर समुद्र घरात.

माझ्यासमोरचं, संगणकावर अंदाज काढणारं मॉडेल म्हणत होतं, वादळ महाभयंकर होणार. पण पहाटे सोडलेल्या हवामानाच्या फुग्याने बारा किलोमीटरवर पश्चिमेचा असा वारा मोजला होता, की वादळाचं डोकं धडावेगळं व्हावं. मॉडेलने ते माप घेतलंच नव्हतं. आकडा त्याच्या अंदाजापेक्षा फारच वेगळा आला, की फुग्याचं यंत्र चुकलं असं समजून ते तो बाजूला टाकतं. आम्ही त्याला 'फेकलेलं' म्हणतो, आणि फेकलेल्यांची यादी सहसा कुणी उघडत नाही. मी उघडली. साहेबांच्या मागे लागून दुसरा फुगा सोडायला लावला. वादळ अजून दीड दिवस लांब होतं, म्हणून तुला म्हटलं, दुपारपर्यंत थांब. तू म्हणालास, "तुझ्या भरवशावर एकदा बाप घालवलाय." पण थांबलास. दुसऱ्या फुग्यानेही तेच सांगितलं, आणि मी तुला कळवलं, आईला हलवू नकोस.

इथे सगळे विचारतात, ती यादी उघडायचं तुला सुचलं कसं. अकरा वर्षांपूर्वीही मी ती उघडली होती. त्यातही असंच माप होतं. नोकरीत नवी होते, मॉडेलपुढे माझी काय अक्कल म्हणून ती बंद केली आणि तुला कळवलं, बाबांना घेऊन निघ. इतकी वर्षं तू समजतोस की मला कळलं नाही. मला दिसलं होतं, ओविड. आईचा आवाज ऐकून जीव भांड्यात पडला, म्हणून आज हे लिहायचं धाडस झालं. पुन्हा अबोला धरायचा तर धर, पण या वेळी खऱ्या कारणासाठी धर.

तुझीच धाकटी,
क्लोटिल्ड