गाडी मीच चालवणार : मुद्दे आणि पुरावे

३ फेब्रुवारी, सकाळ

कन्या गाडीची किल्ली घेऊन गेली. काल गाडी मागे घेताना फाटकाजवळच्या पत्रपेट्या गाडीला लागल्या, एवढंच निमित्त. मुळात पत्रपेट्या तिथे असायलाच नकोत. सगळ्या बिल्डिंगची पत्रं रस्त्यावर पसरली आणि लोक पत्रांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत उभे. शेवटी बायकोने एकटीने गोळा केली.

कन्या म्हणाली, बाबा, आता बास. गाडी विकून टाकू. जिला मी सायकल शिकवली तिने हे बोलावं. तिच्याशी दिवसभर बोलायचं नाही असं ठरवलं. ती तिच्या घरी निघून गेल्यामुळे निश्चय पाळता आला.

४ फेब्रुवारी

फोनवर भांडण. कन्या शाळेत आठवीला भाषा शिकवते. त्यामुळे बापही आठवीतच आहे असा तिचा समज. म्हणाली, चिडून काय होणार, मला पटवून द्या. "गाडी मीच चालवायला हवी" हे तुमचं म्हणणं ना? त्याला तीन कारणं द्या, प्रत्येकाला पुरावा द्या. कारणं पक्की झाल्याशिवाय निबंध लिहायला घ्यायचा नाही, मुलांनाही मी हेच सांगते. पटलं तर किल्ली परत. नाही तर सोळा तारखेला गिऱ्हाईक गाडी बघायला येतंय.

तीन कशाला, तीस देईन. जन्मभर ऑफिसात टिपणं लिहिली. साहेब माझं टिपण न वाचताच सही करायचे, इतका विश्वास.

५ फेब्रुवारी

निबंध लिहूनच टाकला. कारणं काय, लिहिता लिहिता सुचतात. सुरुवात जोरदार आहे : "ज्या घरात बापाच्या हातून किल्ली हिसकावली जाते, त्या घराचं भवितव्य काय?" चार पानं झाली. फोनवर वाचून दाखवली. कन्या म्हणाली, बाबा, यात राग भरपूर आहे, कारण एकही नाही. राग हेच कारण, असं मी सुनावलं. ती म्हणाली, मग पुरावा? फोन ठेवून दिला. हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत.

७ फेब्रुवारी

कारण पहिलं : इतक्या वर्षांत एकही अपघात नाही. पुरावा : विमा एजंट. त्याच्या ऑफिसात बसने गेलो, उभ्याने. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की काका, तुमचे क्लेम बरेच दिसतात. बँकेचा खांब, दवाखान्याची पायरी, एक टेम्पो. मी त्याला शांतपणे समजावलं की खांब आणि पायरी ही वाहनं नव्हेत. तो म्हणाला, टेम्पो आहे. मी म्हटलं, तो उभा होता. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी.

उद्धट माणूस. पुढच्या वर्षी विमा दुसरीकडे.

सुधारित कारण पहिलं : चालत्या वाहनाला आजवर धक्का लावलेला नाही. कन्येला कळवलं. तिने ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. पटलं असावं.

८ फेब्रुवारी

कारण दुसरं : नजर शाबूत. चष्म्याच्या दुकानात गेलो. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाने तक्ता वाचला, तो मी बाकावर बसून ऐकून ठेवला. याला लबाडी म्हणत नाहीत, पूर्वतयारी म्हणतात. माझी पाळी आल्यावर घडाघडा म्हणून दाखवला. दुकानातली मुलगी म्हणाली, आजोबा, तक्ता बदललाय मी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असेल, डॉक्टरांना दाखवा.

आजोबा म्हणाली. काल परवा शाळा सुटलेली पोरगी.

घरी येऊन उजवा डोळा हाताने झाकला आणि खिडकीतून बघितलं. समोरचा रस्त्यावरचा दिवा परातीएवढा दिसला. काच पुसली. तरी तेवढाच. काचा हल्ली चांगल्या मिळत नाहीत.

बायकोला काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिची ही न विचारण्याची सवय मला मुळीच आवडत नाही.

११ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला साक्षीदार करायचं ठरवलं. म्हणाला, तुमचं ड्रायव्हिंग एकदा पाहिलं की विसरता येत नाही. हे लिहून द्या म्हटलं. लगेच दिलं. जगात चांगली माणसं आहेत अजून.

१२ फेब्रुवारी

कारण तिसरं : माझ्यावाचून घर अडतं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, अहो, तुमच्यावाचून नाही अडत, पण गाडीवाचून अडतं. महत्त्वाचं वाक्य आहे. लिहून घेतलं. सुरुवातीचे शब्द वगळले.

बायकोची मोठी बहीण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते, अंथरुणाला खिळलेली. बायको तिला आंघोळ घालायला जाते. आता गाडी नाही म्हणून बसने. पुरावा गोळा करायला मीही बरोबर गेलो.

दोन बस बदलाव्या लागतात. दुसरी बस भरून आली आणि थांबलीच नाही. तिच्यामागे मी ओरडत धावलो. पुढची मिळेपर्यंत बायको डबा आणि औषधांची पिशवी धरून उन्हात उभी. रोज अशीच जातेस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, रोज तुम्ही ओरडत नसता.

मेहुणीच्या खोलीत आज पहिल्यांदाच शिरलो. एरवी मी खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतो. बायकोने तिचे केस विंचरायला घेतले, अर्धे झाले आणि घड्याळ बघून उठली. परतीची बस चुकली असती. मेहुणी म्हणाली, राहू दे गं, अर्ध्याच केसांनी कुठे मिरवायचंय मला.

फार संताप आला. कोणाचा ते कळलं नाही. बस कंपनीला पत्र लिहिणार.

१४ फेब्रुवारी

कारण तिसरं पूर्ण. बसची वेळ, उन्हातलं उभं राहणं, अर्धवट राहिलेले केस, सगळं जसं घडलं तसं लिहिलं. विशेषणं आपोआप कमी झाली.

संध्याकाळी कन्या आली. लाल पेन काढलं. पहिलं कारण खोडलं. दुसरं खोडलं. शेजाऱ्याची साक्ष वाचून तोंडावर हात धरला. तिसरं मात्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, बाबा, हे भक्कम आहे. गाडी विकायची नाही.

मी जिंकलो. हात पुढे केला, किल्लीसाठी.

तर म्हणाली, पण यातून तुमचं म्हणणं कुठे सिद्ध होतंय? घरात गाडी हवी, हे सिद्ध झालं. ती तुम्हीच चालवायला हवी, हे कशावरून? मी म्हटलं, मग काय ती आपोआप चालणार? तेव्हा बायको आत गेली आणि तिचं लायसन्स आणून टेबलावर ठेवलं. दोन वर्षांपूर्वीचं. सकाळी फिरायला जाते असं सांगून शिकत होती. फोटोत हसतेय.

मला सांगितलं का नाही, असं विचारलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर किल्ली दिली असतीत?

मी लायसन्स उलटंसुलटं करून तपासलं, खरंच होतं.

१५ फेब्रुवारी

सर्वांचा निषेध. त्या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. हा निर्णय अंतिम आहे.

१६ फेब्रुवारी

बायकोच्या शेजारी बसलो. ती गाडी हळू चालवते, आरसे बघते, उगीचच लोकांना पुढे जाऊ देते. मी फक्त आवश्यक तेवढ्या सूचना केल्या. दुसऱ्या चौकात तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, अहो, मागे बसता का जरा. मागे बसलो. मागे पाय ठेवायला जागा बरी आहे, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

घड्याळ न बघता तिने बहिणीची वेणी घातली. मेहुणीने विचारलं, भाऊजी, आज गाडी कोणी आणली? दोघांनी मिळून, असं मी म्हणालो. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच दिलं.