पंख्याखालची राख

अप्पा, तुमचा कॉम्प्युटर आज मी पुन्हा उघडला. तुमचाच म्हणतो, कारण मी बी.एस्सी.ला असताना तुम्ही तो लातूरहून उदगीरला आणलात आणि देवघराला लागून ठेवलात. रोज सकाळी लिंगपूजा झाली की तीन बोटांनी आधी कपाळाला, मग दुकानाच्या किल्ल्यांना आणि मग त्या डब्याला विभूती ओढायचात. "कामाची वस्तू हाय, तिचा मान तिला द्यावा," म्हणायचात. आता तो नांदेडला माझ्या घरी आहे, इतकी वर्षं चादरीखाली होता. लेकीला अभ्यासाला तोच हवा आहे, म्हणून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि त्याच बोर्डावर बसणारा जरा वेगवान प्रोसेसर मागवला. खोकं आठवडाभर टेबलावर पडून होतं. प्रोसेसर बदलायचा तर त्याच्यावरचा पंखा काढावा लागतो, आणि तोच काढायची मला भीती वाटत होती. बायको दोनदा म्हणाली, "उघडायलाव का नुसतंच बघायलाव?"

भीती कसली ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर रखडत चालायचा. मी तीन महिन्यांच्या हार्डवेअर कोर्सला जेमतेम तीन आठवडे गेलो होतो, म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. पंखा काढला, तर खाली प्रोसेसरवर करडा-पांढरा थर. बैठकीत पाव्हणे बसलेले, धाकटे काका आलेले. मी त्या सगळ्यांसमोर तुम्हाला हाक मारतो आणि बोट दाखवून म्हणतो, "बघा अप्पा, तुमची राख कुठवर गेली!" आपल्या घरात तिला राख कुणीच म्हणत नसे. तुम्ही वाकून बघता. "आत जाती व्हय रं?"

"हाव, जाती. जाळून टाकलं तुम्ही मशीन."

तो थर फडक्यानं पुसून मी प्रोसेसर लखलखीत केला. त्यानंतर कॉम्प्युटर दहा मिनिटांत तापून बंद पडायला लागला. राखेनं व्हायचं ते नुकसान आधीच होऊन गेलंय, असंच सगळे समजलो. दुसऱ्या सकाळी तुम्ही किल्ल्यांना विभूती लावलीत, कॉम्प्युटरपाशी आलात आणि हात मागे घेतलात. पुढे तर त्याच्या बाजूनं जाताना उपरणं सावरून जायचात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर त्याला एकदाही हात लावला नाहीत.

आज सकाळी पंखा काढला. खाली काहीच नव्हतं, मी पुसलं होतं तसंच स्वच्छ. मग नव्या प्रोसेसरच्या खोक्यातून एक बोटभर ट्यूब निघाली. सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं की ही पेस्ट प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये लावायची, नाहीतर उष्णता वर जात नाही आणि यंत्र तापून बंद पडतं. मी ट्यूब दाबली. करडी-पांढरी पेस्ट बाहेर आली. तो रंग मी ओळखला, अप्पा. ती तुमची विभूती नव्हतीच. कारखान्यात लावलेली पेस्ट होती आणि ती मी पुसली.

हे मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितोय. चार तास झाले, पंखा शांत फिरतोय. सारखा उठून डब्याला हात लावून बघतो. लेकीला वाटतं, बंद पडेल या काळजीनं बाबा बेजार झालेत. खरं सांगायचं तर तो बंद पडावा असंच मला वाटतंय. पडला तर म्हणता येईल की राख बोर्डातही गेली होती, आणि माझं त्या दिवसाचं बोलणं खरं ठरेल. पण तो चालतोच आहे. लिहून झालं की हे सेव्हसुद्धा करणार नाही, लेकीच्या हाती लागायला नको.

आणखी एक सांगायचं राहिलं. दुपारी जेवताना बायको तिची आवडती गोष्ट लेकीला पुन्हा सांगत होती. "तुझ्या आजोबानं इबूत लावून लावून कॉम्प्युटर जाळला बग." तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, ही गोष्ट तिला मीच लग्नानंतर रंगवून सांगितलेली. लेक खदखदून हसली आणि मला विचारलं, "मग आज निघाली का हो बाबा राख?"

"निघाली की," मी म्हणालो. "मूठभर निघाली."