स्पीकरांमागोमाग आलेली खोली

३ मार्च, रविवार

घेतले! दोन स्पीकर, अॅम्प्लिफायर, रेकॉर्डप्लेअर — सगळं वापरलेलं, पण काय निगेनं वापरलेलं! एका निवृत्त दंतवैद्यांचं आहे. जाहिरातीत लिहिलं होतं, 'कान असलेल्यांनीच फोन करावा.' मी लगेच केला.

त्यांनी मला त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसवलं आणि एक तबकडी लावली. गाणाऱ्या बाईंनी पहिला शब्द म्हणायच्या आधी श्वास घेतला — तो ऐकू आला! श्वास! पन्नाशी उलटलेला माणूस मी, चक्क डोळे पुसले. डॉक्टर म्हणाले, "आता तोंड मिटा." आ वासलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

५ मार्च, मंगळवार

घरी जोडलं सगळं. श्वास नाही! बाई एकदम गायलाच लागतात. वायरी बदलल्या, स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे घेतले, मग दोन वीत. नाहीच.

ही म्हणाली, "गातायत ना त्या? मग झालं तर!"

हिला काय सांगायचं! दुकानदारांचे तराजू तपासणं हे माझं काम. चार ग्रॅमची लबाडी मी उभ्या उभ्या पकडतो. अख्खा श्वास गायब झालेला मला कळणार नाही?

९ मार्च, शनिवार

डॉक्टर स्वतः बघायला आले. खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकलं. परत वाजवली. आतून ही म्हणाली, "सत्कार कुणाचा आहे?"

मग खिशातून दात बघायचा तो छोटा आरसा काढला आणि त्याच्या दांडीनं चारही भिंती ठोकून पाहिल्या. निदान — "स्पीकर ठणठणीत आहेत. खोली किडलीय."

"उपाय?"

"माझा गालिचा घेऊन जा. त्याच्यावरच वाढलेत ते."

१० मार्च, रविवार

गालिचा घातला. फरक आहे! श्वास येत नाही अजून, पण बाई श्वास घ्यायच्या विचारात आहेत असं स्पष्ट जाणवतं.

१७ मार्च, रविवार

आज त्यांचे पडदे आले, सोफा आला, पुस्तकांची दोन कपाटं आली. पुस्तकांसकट. मी म्हटलं, आमची पुस्तकं भरतो की. डॉक्टर दचकलेच. "छे! दाढांवरची पुस्तकं जाड असतात. तुमच्या कादंबऱ्यांनी खालचे सूर निसटतील." पटलं मला. तेव्हा पटलं खरं.

आता आमचा सोफा, टेबल, हिचं कपाट कुठे ठेवायचं? डॉक्टरांनी किल्लीच काढून दिली. म्हणाले, "माझ्याकडे ठेवा. खोली रिकामी झालीय, घर खायला उठतं." तोच टेम्पो त्यांचं इकडे टाकून आमचं तिकडे घेऊन गेला. टेम्पोवाला हळूच म्हणाला, "वाटण्या झाल्या का, साहेब?"

१८ मार्च, सोमवार

हिचं शिवणयंत्रही पाठवलं. ढोलाचा ठोका पडला की ते थरथरायचं! ही काही बोलली नाही. तीस वर्षांत हिला काही न बोलता बघितलेलं आठवत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ मार्च, शनिवार

ही रोज दुपारी तिकडे जाते. लोकांचे कपडे शिवायला घेतलेत, ते वेळेवर द्यायला नकोत? किल्ली हिच्याकडेच असते.

एका परीनं ठीकच आहे. घर शांत असतं. कानाची उंची मोजली — बसल्यावर जमिनीपासून एकशेसात सेंटिमीटर. ताठ बसलो तर एकशेदहा.

३१ मार्च, रविवार

श्वास आला!!

असं झालं — सगळं जागच्या जागी होतं, तरी कुठेतरी घोडं पेंड खात होतं. डॉक्टर दोन वेळा टाळी वाजवून म्हणाले, "अजून एक वस्तू राहिलीय." आणि स्वतः जाऊन सोफ्याच्या डाव्या टोकाला बसले. "माणूस मऊ असतो. आवाज पितो. मी वीस वर्षं इथेच बसायचो."

तबकडी लावली. आणि बाईंनी श्वास घेतला! अगदी माझ्यासमोर, हातभर अंतरावर! मी ओरडलो, "अगं, ऐकलंस का? ऐकलंस का?"

डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "त्या मघाशीच गेल्या. मोठी पिशवी होती हातात."

दार वाजलेलं मला ऐकू आलं नाही. मला!

२ एप्रिल, मंगळवार

आली नाही, तिकडेच राहिलीय. फोन केला. म्हटलं, "रागावलीस?"

"नाही हो. पण त्या घरात मला बसायला जागा नाही. उभं राहून किती दिवस काढू?"

"सोफा आहे की."

"त्यावर डॉक्टर असतात."

खरंच असतात.

६ एप्रिल, शनिवार

डॉक्टर हल्ली सोफ्यावरच झोपतात, टॉवेलही आणलाय. त्यांना दुखवायची सोय नाही, ते उठले की श्वास जातो. मी चहा करतो. दोन कप. साखर कुठे ठेवते ही, ते पाचव्या दिवशी सापडलं.

काल बाजारात एक तराजू पास केला. दुकानदारच म्हणाला, "साहेब, काटा एका बाजूला झुकलाय, बघितलात ना?" शरमेनं मान खाली गेली. जीव थाऱ्यावर नाही. ती नाही तर मला करमत नाही. लिहून टाकलं एकदाचं!

७ एप्रिल, रविवार

आज धीर करून विचारलं, "डॉक्टर, घरी कधी जाणार?"

त्यांनी पडद्यांकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "घरीच तर आहे."

मग सांगू लागले. बायको गेल्यावर दोन वर्षं त्या खोलीत एकटेच बसून होते. खोली मोडवत नव्हती आणि तिथे राहवतही नव्हतं. "इथे बरं वाटतं हो. तीच खोली, पण खिडकीबाहेर दुसरंच काहीतरी दिसतं." रडत नव्हते. पण मी तबकडी पुन्हा लावली नाही. या माणसाला उठवू कसा? आणि याला नाही उठवला तर ही येणार कशी?

८ एप्रिल, सोमवार

कामावरून परस्पर डॉक्टरांच्या जुन्या घरी गेलो. बेल वाजवली. हिनं दार उघडलं, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. आत आमचा सोफा, आमचं टेबल, आमचं सगळं. मी पाहुण्यासारखा कडेला टेकलो.

टाचण्या काढून म्हणाली, "किती दिवस राहणार आहात?"

म्हटलं, "ठेवशील तितके."