सीलबंद बुवा

३ ऑक्टोबर, लायडन

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. नवी एलपी रेकॉर्ड आली आणि दुकानदाराने सवलतीचा स्टिकर थेट तिच्या सीलवर चिकटवलेला! तोही तिरका. या पातकाला धर्मशास्त्रात प्रायश्चित्त नाही, कारण तेव्हा स्टिकर नव्हते. नखाने काढू गेलो तर प्लास्टिक फाटायचं. तसाच ठेवला. एलपी कपाटात गेली, न उघडलेल्या इतरांच्या शेजारी.

शर्मिला ऑफिसला निघताना म्हणाली, "घरीच आहेस तर ऐक की त्या. निवांत झालो की ऐकेन, म्हणायचास ना?"

झालो खरा निवांत. कंपनीच्या डॉक्टरने कामाच्या ताणाने बर्नआउट म्हणून घरी बसवलंय. 'पूर्वी आवडायचं ते करा,' म्हणाला. या देशात औषधं कमी, सल्ले फार.

७ ऑक्टोबर

पाऊस. झोपलो. उठलो — पाऊस.

११ ऑक्टोबर

माझा वाढदिवस. इथल्या रीतीने खुर्च्या गोल मांडल्या. शेजारच्या विलेमिनबाईंनी माझं अभिनंदन केलं, मग शर्मिलाचंही — जणू तिनेच मला जन्माला घातलं! भेट देणाऱ्यासमोर लगेच उघडायची, हाही इथलाच नियम. आमच्याकडे पाहुणे गेल्यावर उघडतात, हे मी त्यांना दरवर्षी सांगतो. दरवर्षी त्या हसतात.

शर्मिलाची भेट म्हणजे बुवांची एलपी. जुनी, सीलबंद. कुठून शोधली कोण जाणे. लग्नाआधी पुण्यात संगीत महोत्सवाच्या मांडवाबाहेर वर्तमानपत्र अंथरून आम्ही ऐकले ते हे बुवा. मी तेव्हा रडलो होतो, असं ती सगळ्यांना सांगते. मलाही आठवतं. आठवतं एवढंच.

रंगीत कागद काढला आणि थांबलो.

"आणि प्लास्टिक?" विलेमिनबाई.

"ते राहू दे. सील असलं की मोल राहतं."

शर्मिलाने रंगीत कागदाची घडी घातली. नंतर स्वयंपाकघरात हळूच — "ऐकायला आणलीय, श्याम. जपायला नाही."

१४ ऑक्टोबर

मित्र रणजित कामावरून परस्पर आला, रॉटरडॅमहून. हा गृहस्थ एलपी विकत घेतली की दुकानाच्या दारातच उघडतो.

"श्यामराव, लोणच्याची बरणी नुसती बघून जेवता का हो?"

मी त्याला न्यायशास्त्र ऐकवलं. न वाजलेल्या रेकॉर्डचा नाद म्हणजे प्रागभाव, घडण्याआधीचा अभाव — त्याला सुरुवात नाही, पण शेवट होऊ शकतो. वाजवून झिजला की प्रध्वंसाभाव, नाशानंतरचा — त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. तेव्हा पहिला अभाव बरा!

"बरं. आणि प्लास्टिक वर्षानुवर्षं आवळत जातं, आतली रेकॉर्ड वाकते, तो कुठला अभाव?"

त्याने कपाटातली एक काढून टेबलावर आडवी ठेवली. कव्हरासकट वाकलेली. कड पापडासारखी उचललेली.

"म्हणजे जपून जपून नासतात!" शर्मिला म्हणाली. "रविवारी बुवांची उघडायची."

मला विचारलं नाही. मी मान हलवली. शास्त्रार्थात हरलेल्याने दुसरं काय हलवायचं?

१७ ऑक्टोबर

शर्मिला फोनवर तिच्या आईला सांगत होती. "रविवारी गाणं लावणार आहोत. बुवा ऐकले की होईल गं तो पूर्वीसारखा. बघच तू." आवाजात किती दिवसांनी उत्साह!

मी भांडी पुसत राहिलो. पुसलेलीच.

१९ ऑक्टोबर, रविवार

उघडली. सील चिरलं, सुई ठेवली. रेकॉर्ड निर्दोष — एक खरखर नाही. बुवा पूर्ण सुरात. शर्मिलाचे डोळे भरले. पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, सारखी. मी "वा!" म्हटलं. अगदी समेवर. तिने माझा हात घट्ट धरला.

२० ऑक्टोबर

काही वाटलं नाही.

गेल्या महिन्यात घरी एकटा असताना एक उघडून ऐकली होती. तेव्हाही नाही वाटलं. म्हणून बाकीच्यांना हात लावला नाही. मोलाचं वगैरे मी उगाच सांगतो. बंद आहेत तोवर म्हणता येतं, ऐकल्या की वाटेल.

शर्मिला आज दुसरी उघडू म्हणते. मी असाच राहीन, अशी भीती वाटते. आणि तिला ते कळेल.