टोपणातल्या कात्र्या

प्रिय आई,

काल फोनवर जे बोललीस ते डोक्यातून जातच नाहीये. वहिनीच्या बाळंतपणाला मी येणार नाही, बाळ माझ्या हातात देऊ नका, एका लेकराच्या दातांची मी वाट लावली तेवढी पुरे. एवढं म्हणून कुकरची शिट्टी झाल्याचं निमित्त केलंस आणि फोन ठेवलास. शिट्टी झालीच नव्हती, आई. फोनवर तू कधी पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

दादाचे दुधाचे दात शाळेत जायच्या आधीच पडले, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. नंतरचे, कायमचे म्हणतात तेही हलायला लागले, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी तुझ्याकडे बघून मुलाच्या दातांवर लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. लक्ष म्हणजे किती ठेवलंस! त्याची हनुवटी धरून तू स्वतः त्याचे दात घासायचीस, तो ओकारी काढायचा आणि तुम्ही दोघंही रडायचात. साखरेचा डबा कपाटाच्या माथ्यावर गेला. मी मात्र ब्रश नुसता ओला करून ठेवून द्यायचे आणि माझे दात ठणठणीत. हे कुणाला विचित्र कसं वाटलं नाही, याचं मला आता नवल वाटतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, आई नोकरीवर असल्यावर पोराकडे बघणार कोण? तू टपाल छाननीतली संध्याकाळची पाळी सोडलीस, मिळणारी बढतीही सोडलीस. तरी दादाला ऐन कॉलेजात कवळी लागली. त्या दिवशी जेवताना बाबा एवढंच म्हणाले, तुझं लक्ष असतं तर ही वेळ आली नसती. ते एकदाच बोलले. तू मात्र ते रोज ऐकत राहिलीस.

आता माझ्या कामाचं सांगते, कंटाळू नकोस. रक्तातल्या, जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर आमच्या प्रयोगशाळेत काम चालतं. या पेशींच्या पोटात प्रथिनं कापणारी एन्झाइम्स असतात, आम्ही त्यांना सरळ कात्र्याच म्हणतो. जंतू आत आला की त्याचे तुकडे. पण या पेशी अंगाबाहेर फार टिकत नाहीत, साठवूनही ठेवता येत नाहीत. त्यामुळे रोज सकाळी आमच्यापैकी कुणीतरी बाही वर करून रक्त देतं. आजारी नसलेला कुणीही दारात दिसला की आमचे डोळे चमकतात. आमचे हिशेबनीस तर हल्ली मागच्या जिन्याने जातात. मागच्या महिन्यात दादा माझी विसरलेली किल्ली द्यायला आला, तर आमच्या प्रमुख बाईंनी आधी त्याचा दंड पाहिला, मग चेहरा. त्यानेही ऐटीत संमतीपत्रावर सही करून हात पुढे केला. रक्त हवं तेवढं घ्या, दात मात्र विकतचे आहेत, म्हणाला.

त्या दिवशी आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीकडून एक चूक झाली. पेशी फोडण्याआधी कात्र्यांना थोपवणारं औषध घालावं लागतं, नाहीतर त्या मोकाट सुटून नळीतलं सगळंच कापतात. तेच ती विसरली. बिचारी रडकुंडीला आली. मी म्हटलं, वाया गेलंच आहे, तर किती गेलंय ते तरी बघू. आम्हा सगळ्यांच्या नळ्यांत प्रथिनांचा नुसता भुगा झाला होता. दादाच्या नळीत सगळं जसंच्या तसं. मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली असेल. त्याला पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. तेव्हा बाईंनी विचारलं, भावाचे तळहात-तळपाय जाड आहेत का गं? दात लवकर पडले का? मी दोन्हींना हो म्हणाले.

या कात्र्या तयार होतात तेव्हा त्यांच्यावर टोपण असतं. ते काढणारं एन्झाइम वेगळं, आणि दादाच्या अंगात तेच चालत नाही. टोपण निघत नाही आणि पेशी त्या कात्र्या तशाच मोडीत काढते. मग हिरड्यांतल्या जंतूंना रान मोकळं. अनवाणी हुंदडून जाड झाल्या म्हणून तू ज्या टाचांना तेल चोळायचीस, त्यांचं मूळही हेच.

जनुकांची तपासणीही झाली. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, एकाच्याने होत नाही. तुमच्या दोघांकडे त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली आहे, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. दादाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. तू दिवसभर ब्रश घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली असतीस तरी ते दात राहिले नसते. वहिनीचीही तपासणी केली, तिच्यात हा दोष नाही. म्हणजे बाळाला हा आजार व्हायचा नाही. दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, आईला आधी सांग. म्हणून हे पत्र. वाचून झालं की बाबांच्या हातात दे. चष्मा सापडत नाही म्हणतील, तर शोधून दे. त्यांना मोठ्याने वाचायला लाव, तुझ्यासमोर बसून, दोघांकडून आल्याचं लिहिलंय तिथपर्यंत. त्यांच्यावर चिडू नकोस, कळायला त्यांनाही मार्ग नव्हता. पण तुझी चूक नव्हती, हे तुला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं. मग बॅग भर आणि ये. बाळ आधी तुझ्याच हातात द्यायचं, असं दादाने दवाखान्यात सांगूनही ठेवलंय.

तुझीच,
धाकटी