शंभर कोटीत चार खडे

जवळा बाजार,
पोळ्याच्या आदल्या दिवशी, सन २००७

माझ्या लेकाची पुण्याला राहणारी शहाणी लेक चि. शिवकन्या हिला जिवनबाई आजीचे पोटभर आशीर्वाद. आमी इकडं बऱ्या आहोत, तुझी तब्येत कशी? जेवतीस का नुसती मोजतीस? नागपंचमीला आली व्हतीस तवा तुझ्या कामाच्या पांढऱ्या कोटाला मी शिवण घातली, ती टिकली ना? अक्षर तुझ्या मायचं हाये, शब्द माझे. मधी ती स्वतःचं काही घुसडते का, हे मला कळायला मार्ग न्हाई. (घुसडत न्हाई. – माय)

फोनच करणार व्हते, पण भागवतच्या दुकानातल्या फोनला अर्धा बाजार कान लावून बसतो. तू मोटारीत भरायच्या हायड्रोजन गॅसमधली घाण मोजतीस, एवढं एकदा तिथून बोलले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतला दगडोबा दारात. त्याचा गोबरगॅस पेटत न्हाई, नात कधी येणार? मी म्हटलं, बाबा, तिचा गॅस निराळा, त्यात शंभर कोटीत चार कण गंधक चालतं, पाचवा सापडला की गाडी आजारी पडते. तो म्हणे, काकू, माझ्यात तर सगळं शेणच हाये, कुठून मोजायला घेऊ? बराबर बोलला. आमी पसाभर तांदळातून चार खडे निवडतो अन् पाचवा दातानं काढतो, कोणी आजारी पडत न्हाई.

मग तुझं पत्र आलं, मायनं मला दोनदा वाचून दाखवलं. पंचमीहून गेल्यापासून तू हात लावशील त्या नमुन्यात गंधक निघून राहिलं, अन् तोच नमुना तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं लावला की धुतल्या तांदळासारखा! नळ्या बदलल्या, हातमोजे बदलले. साहेबानं लसूण, कांदा, हिंग खाणं बंद करायला लावलं, त्यात गंधक असतं म्हणे. मग वरणाला फोडणी कशाची देतीस, साहेबाच्या मिशीची? अन् महिनाअखेरपर्यंत असंच निघालं तर कायमची नोकरी त्या शेजारणीला. माझं मत इचारशील तर यंत्रच बिघडलं असंल. हे मी दोनदा लिहायला सांगितलं. (एकदा पुरे. – माय) नाक न्हाई, डोळे न्हाई, अन् चार कणांची चुगली करतं! असली सासू आपल्या साऱ्या गावात न्हाई.

हिंमत सोडू नको.

तुझी अंगठेबहाद्दर आजी

ता. क. शिवणीवरून आठवलं. कोटाच्या डाव्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत, हिंगाची पुरचुंडी हाये. शहरात लेकराला दृष्ट लागू नये, पोट दुखू नये म्हणून टाकली व्हती. पत्र वाचता वाचताच उसव, कोट दोनदा धू, अन् मग यंत्रापुढं उभी राहा. तुझी माय पेन खाली ठेवून माझ्याकडं बघून राहिली. काहून, ते तिलाच इचार.

आणखी एक. हिंग फेकू नको, असली हाये, औंढ्याहून आणलेला. अन् साहेबाला सांग, यंत्र चांगलं हाये. तुझ्या आजोबाला चाळीस वर्षांत माझी एक पुरचुंडी सापडली न्हाई, त्यानं तीन आठवड्यांत पकडली.

उशीतली मात्र राहू दे. तिथं यंत्र न्हाई.