मापाचा ब्लाउज

अहो,

आमटी ओट्यावर झाकून ठेवली आहे, भात तेवढा लावून घ्या. मी माहेरी, अळणावरला अण्णाकडे चालले आहे.

तुमच्या पहिल्या बायकोच्या साड्या नेसायला मला कधी कमीपणा वाटला नाही, हे तुम्हीही पाहिलंय. मथुराक्काची आवड चांगलीच होती. तिच्या विरलेल्या इरकलींचे पदर कापून मी ब्लाउज शिवले, साध्या सुती साड्यांवर घातले, तर शाळेतल्या बाई विचारायच्या, "कोप्पीकर रोडवर कुठल्या दुकानात मिळालं ग हे?" तिचं जुनं मी हौसेनं माझं करून घेतलं.

यंदा दिवाळीला, लग्नानंतर पहिल्यांदाच, तुम्ही माझ्यासाठी कोरी साडी आणलीत. वर ब्लाउजही मीच शिवून आणतो म्हणालात. मी हरखून गेले. आज घालायला घेतला तर बाही दंडावर चढेना. तशीच शिंप्याकडे गेले. तुम्ही मापाला दिलेला ब्लाउज त्यानं माझ्यासमोर ठेवला. मथुराक्काचा होता. माझे ब्लाउज इथे दोरीवर वाळत होते, तरी तुम्ही माळ्यावरची ट्रंक उघडून तिचा काढलात.

तिच्या साड्यांत मी मावले होते. तुम्हाला मीही तिच्याएवढीच हवी होते, हे मात्र मला आज कळलं.

नवी साडी कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. दोरीवर माझा एक ब्लाउज राहिलाय. उद्या तिसरी आणलीत तर तो शिंप्याकडे नेऊ नका. त्या तिसरीचं स्वतःचंच माप घ्या.

योगिता